पुनवेची ओहोटी

होळी आठ दिवसांवर आली की आमच्याकडचा वारा फिरतो. सकाळी कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर लोळत असतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला कुठून तरी अशी वावटळ उठते की घरातली दारं एकामागून एक आपटतात. नवरा आतून ओरडतो, "अगं, दगड लाव दाराला." मी मात्र हातातलं काम तसंच धरून जागच्या जागी थिजलेली असते. काहीतरी कठीण कशावर तरी जोरानं बसल्याचा तो आवाज माझ्या अंगात मुरलाय. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, भर उन्हात, मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर वल्हं मारलं. एकदा मारलं, आणि मग पुन्हा मारलं.

त्याआधी फाल्गुन मला फार आवडायचा. तापलेल्या पत्र्याचा आणि आंब्याच्या मोहोराचा मिसळून एक वास येतो या दिवसांत. रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागतात. माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्यातला वाळा झटकला की मागच्या उन्हाळ्याची धूळ खोलीभर होते. लहानपणी या धुळीत मी अभ्यास करायची आणि खिडकीपाशी ताईचं शिवणाचं मशीन चालू असायचं. परीक्षा म्हटलं की अजूनही मला त्या मशीनचा आवाज ऐकू येतो. तो थांबला की मी वहीवर हात ठेवायची. थांबला, म्हणजे ताई उठली. उठली, म्हणजे माझी वही बघायला येणार.

आई काविळीनं गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि शैलाताई सतरा. वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. ते मुळात कमी बोलायचे, आई गेल्यावर तेवढंही थांबलं. शाळा सोडून घर ताईनं उचललं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, मला शाळेत घातलं, माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या. आणि मारलंही तिनंच. कात्री चालवून चालवून तिचा पंजा पुरुषासारखा झाला होता. मशीनला टेकवून कापड मोजायचा एक लाकडी गज ठेवलेला असायचा. त्यानं कापड मोजलेलं मला फारसं आठवत नाही.

आठवीत असताना पैठणच्या धरणाची दारं उघडली. शाळेतल्या तिघी मैत्रिणींबरोबर मी न सांगता एसटीनं गेले. पाणी असं पडताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. दारांतून ते सुटायचं तेव्हा पुलाचा कठडा हाताखाली थरथरायचा, तोंडावर तुषार यायचे, आणि शेजारी उभी असलेली मैत्रीण काय ओरडतेय ते ऐकू यायचं नाही. त्या गर्जनेत मला किती बरं वाटलं होतं. घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. ताई दारात उभी होती.

"कुठं गेली होतीस?"

"पैठणला. पाणी बघायला."

"पाणी बघायला," ती म्हणाली आणि आत वळली. परत आली ती गज घेऊनच. "पाणी बघायचंय? आँ? बघ पाणी!" प्रत्येक फटक्याला ती तेवढंच म्हणत होती. तोंड वाचवायला मी हात वर केला, तेव्हा गज मोडला आणि माझं डाव्या हाताचं शेवटचं बोटही मोडलं. ते बोट आजही वाकडं आहे. नंतर तिनं हळद गरम केली, पट्टी बांधली, मांडीवर घेऊन भात भरवला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. प्रत्येक घास मात्र ती फुंकून देत होती.

ताईनं मारलं म्हणून मी शिकले, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले. नोकरी लागली तेव्हा सांगितलं, लग्नात सासरच्यांना सांगितलं. सांगून सांगून मला ते खरंही वाटायला लागलं होतं.

ताईनं लग्न केलं नाही. पोरींच्या आयटीआयमध्ये ती शिवणकाम शिकवायला लागली, हर्सूलला दोन खोल्यांचं घर बांधून राहिली. बावन्नाव्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, पोहा. मला वाटलं, ही कसली पोहतेय. तर ती बायकांच्या वेळेला पोहण्याच्या तलावावर गेली आणि महिनाभरात या काठावरून त्या काठावर जायला लागली. तिथंच तिला शकीलसर भेटले. सर पोहायला शिकवायचे, आणि त्यांच्याकडं चार कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या प्लास्टिकच्या अरुंद नावा, होत्या. लासूर स्टेशनच्या पुढं त्यांच्या एका दोस्ताच्या शेतालगत पाझर तलाव होता. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी ते तिथं चार-पाच जणांना घेऊन जायचे. ताईनं मला फोन केला. "बेबे, चल. दोघींची नाव आहे, एकटीला नाही देत ते."

घरात माझं नाव बेबी. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला बेबे म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पाण्यावरून वाफ निघायची. बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले असायचे आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसायचे. वारा गावाकडून असला की बाजारातल्या कांद्याचा उग्र वास थेट पाण्यापर्यंत यायचा. ताई पुढं बसायची, पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट आणि डोक्याला माझ्या मुलीची क्रिकेटची टोपी. वल्हं ती अशी मारायची की जणू पाण्यानं काही गुन्हा केलाय.

"म्याडम, ही काय कात्री नाय," शकीलसर शेजारून म्हणायचे. "हात ढिल्ला सोडा. कंबरेतून वळा, खांदे आपोआप येतेत."

दोघांच्या नावेत मागं बसलेला माणूस नाव वळवतो. सरांनी मला मागं बसवलं होतं. ताईला ते पहिल्या दिवसापासून खटकलं.

"म्हणजे मी हिचं ऐकायचं?"

"पाण्यावर, व्हय."

एका रविवारी सरांनी नाव उलटली तर काय करायचं ते शिकवलं. कमरेइतक्या पाण्यात आम्हाला उभं करून ते म्हणाले, "बुडणाऱ्याजवळ अंग घेऊन जायचं नाय. नाव पुढं करायची, वल्हं पुढं करायचं. बुडणारा त्या टायमाला कुणाचाबी नसतो. बाप असला तरी पोराच्या डोक्यावर पाय देतो. त्याची गल्ती नसती ती. जान असती ना, ती देती."

"आणि धरलंच त्यानं तर?" मी विचारलं.

"तर सुटायचं. कसंबी. आधी सुटायचं, मग वाचवायचं."

ताई हसली. "हिला कोण धरतंय? हीच पडंल माझ्या गळ्यात."

समुद्राचं ठरलं ते होळीला. कोकणातलं एक लहानसं बंदर. नाव सांगत नाही, त्या गावाचा यात काहीच दोष नव्हता. शकीलसर, वाळूजला कंपनीत कामाला असणारं एक तरुण जोडपं, आणि आम्ही दोघी. होळीच्या दिवशी पहाटे निघालो आणि संध्याकाळी सहाच्या पुढं तिथं पोचलो. बघतो तर बंदरात पाणीच नव्हतं. चिखलात मोठमोठ्या होड्या कुशीवर पडल्या होत्या, त्यांच्या पोटाखाली पोरं खेकडे शोधत होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याच जागी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं आणि रात्रभर पडलेल्या होड्या उभ्या राहून डुलत होत्या. आम्ही मराठवाड्याची माणसं. आमचं पाणी टँकरनं येतं, नळाला आठवड्यातून एकदा येतं, धरणात असतं नाहीतर नसतं. रोज दोनदा येऊन दोनदा निघून जाणारं पाणी ताईला कळेचना.

"कुणी सोडलं गं एवढं?" ती म्हणाली. "याची दारं कुठंयत?"

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो ते हरेशभाऊ मासेमारीची होडी चालवायचे. आम्ही कयाक पाण्यात लोटत असताना ते धक्क्यावर उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांनी बंदराच्या तोंडाकडं बोट केलं. तिथं दगडांचा बांध संपत होता आणि त्याच्या टोकाला एक लाल खांब होता.

"दोनच्या आत फिरा. पुनवेची ओहोटी आहे, सगळं पाणी त्या एका तोंडातनं बाहेर पडतं. आणि वारा नेमका त्याच टायमाला समोरनं येतो. खांबाच्या पलीकडं जाऊ नका."

"नाय जाणार," शकीलसर म्हणाले. आमच्याकडं वळून त्यांनी पुन्हा सांगितलं, "लाल खांब म्हणजे आपली भिंत."

पहिले दोन तास स्वर्गासारखे गेले. खारफुटीच्या मुळांमधून आम्ही फिरलो, वाळूच्या एका पट्ट्यावर उतरून पुरणपोळ्या खाल्ल्या. गावात धुळवडीचे ढोल वाजत होते, ते पाण्यावरून अगदी जवळ ऐकू यायचे. ऊन कडक झालं तशी ताईनं लाइफ जॅकेटचे बंद सोडले. "ताई, बांध," मी म्हटलं. "गुदमरतंय," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं नाही. तिला दुसऱ्यांदा काही सांगायचं नाही, हे मी लहानपणीच शिकले होते.

परत फिरायच्या वेळी त्या जोडप्यातल्या मुलीच्या हाताला पेटका आला. सर त्यांच्याजवळ थांबले आणि आम्हाला हातानं धक्क्याकडं जायची खूण केली. ताईनं वल्हं टाकलं ते उलट्या दिशेला. मी मागून नाव वळवू लागले आणि ती पुढून माझ्या विरुद्ध मारू लागली.

"ताई, सरांनी सांगितलंय."

"सरांनी सांगितलंय! इतके तास गाडीत हाडं मोडून घेतली ती ह्या डबक्यासाठी? मला खरा समुद्र बघायचाय. खांबापर्यंत जायचं, बघायचं, परत यायचं."

"नको."

"तुला काय विचारलं नाय मी."

कशी कोण जाणे, त्या वाक्यानं माझ्या आतलं काहीतरी सुटलं. मी म्हटलं, "कधी विचारलंस? कधी तरी काही विचारलंस का मला?"

मग आम्ही भांडलो. ती पुढं, तोंड समुद्राकडं. मी मागं, तिच्या पाठीशी. तोंडं दिसत नव्हती म्हणूनच कदाचित इतकं बोलता आलं. ती म्हणाली, तुझ्यापायी माझं लग्न राहिलं. मी म्हटलं, मी सांगितलं होतं का? ती म्हणाली, मारलं म्हणून माणसात आलीस. मी माझा डावा हात तिच्या खांद्यावरून पुढं काढला, ते वाकडं बोट तिच्या डोळ्यांपुढं धरलं आणि म्हटलं, हे घे, हे तुझं माणसात आणणं. दोघींचीही वल्ही मांडीवर पडली होती. किती वेळ पडली होती, माहीत नाही. मागून शिटी ऐकू आली. लांबून, सारखी सारखी. मी वळून पाहिलं तेव्हा लाल खांब आमच्या मागं होता.

वल्हं न मारता आम्ही तिथवर आलो होतो. पाण्यानं आम्हाला उचलून आणलं होतं आणि आम्हाला कळलंही नव्हतं.

पुढं पाणी उभं होतं. आतून जोरात बाहेर निघालेली ओहोटी आणि समोरून आलेला वारा तिथं एकमेकांच्या छातीवर आदळत होते, आणि लाटा पुढं सरकायच्या ऐवजी एकाच जागी उंच होऊन कोसळत होत्या. आवाज इतका मोठा की पोटात वाजायचा. मी ओरडले, "उजवीकडं मार!" तिनं मारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं, पण उशीर झाला होता. पहिल्या लाटेनं नावेचं नाक आभाळाकडं केलं आणि दुसरीनं आम्हाला बाजूनं गाठून थोबाडीत मारावी तसं आडवं केलं.

पाण्याखाली हिरवा अंधार होता आणि नाकात, कानात मीठ घुसत होतं. जॅकेटनं मला वर फेकलं. नाव उपडी होऊन हातभर लांब होती. वल्ह्याची दोरी मनगटाला होती म्हणून वल्हं माझ्याजवळच राहिलं. ताईची टोपी दिसली. मग ताई दिसली. सुटलेलं जॅकेट तिच्या खांद्यावरून निघून एका हातात अडकलं होतं आणि ती पाण्याला मारत होती, दोन्ही हातांनी, मोठ्या पंजांनी. सरांनी शिकवलेलं मला आठवलं. वल्हं पुढं करायचं, अंग न्यायचं नाही. पण ती माझी ताई होती. मी हात पुढं केला.

तिनं तो हात धरला, मग खांदा धरला, मग केस. ती माझ्यावर चढली. माझं जॅकेट वर सरकून माझ्या तोंडावर आलं आणि मी खाली गेले. तिचा गुडघा माझ्या मानेवर होता. वर येऊन मी अर्धा श्वास घेतला, तोच ती पुन्हा डोक्यावर. तिचे डोळे मी अगदी जवळून पाहिले, त्यांत मी नव्हते. तिच्या नखांनी माझा कान फाडला. तिसऱ्यांदा खाली गेले तेव्हा छातीत आग पेटली होती, आणि मला माझ्या मुलीचा दात पडल्याचा दिवस आठवला. का तोच, सांगता येत नाही. मी पायांनी तिच्या पोटात लाथ मारली. दुसरी मारली. तिची पकड जराशी ढिली झाली. मी वर आले, दोन्ही हातांनी वल्हं धरलं आणि त्याचं पातं आडवं तिच्या तोंडावर मारलं.

हाड वाजलं. तेवढ्या पाण्याच्या गर्जनेत मला ते ऐकू आलं.

तिनं मला सोडलं. दोन्ही हात वर करून ती मागं झाली आणि माझ्याकडं बघायला लागली. आता तिला मी दिसत होते. नाकातून रक्त येत होतं. आणि मी पुन्हा वल्हं उचललं, आणि पुन्हा मारलं. पहिल्यापेक्षा जोरात.

तिची मान कलली. मग मीच ओरडले, झेप घेतली, तिचं लोंबतं जॅकेट पकडलं, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला उपड्या नावेवर आडवी टाकून तिच्यावर पडून राहिले. लाटा आम्हाला मारत राहिल्या. तिचं रक्त पांढऱ्या फेसात मिसळून वाहून जायचं आणि पुन्हा यायचं. मी तिच्या कानात "ताई, ताई" म्हणत होते. ती जिवंत आहे हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं, तेवढंच.

हरेशभाऊंनी धक्क्यावरून नाव उलटताना पाहिली होती. त्यांची मशीनची होडी त्या लाटांमधून कशी आली ते मी सांगू शकत नाही, मी डोळे मिटले होते. बखोटीला धरून त्यांनी आधी तिला ओढलं, मग मला. आम्ही होडीच्या तळाशी जाळ्यांवर पडलो, एकमेकींवर, आणि मी समुद्र ओकत राहिले.

धक्क्यावर शकीलसर धावत आले. हरेशभाऊंनी त्यांची कॉलर धरली. "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं का नाही?" आणि एक, दोन, तीन, सगळ्या गावासमोर त्यांच्या कानाखाली मारल्या. रंगांनी माखलेली माणसं गोल उभी होती, कुणी मधे पडलं नाही. सरांनी हात वर केला नाही. "व्हय," एवढंच म्हणत राहिले, "व्हय, माझी चूक." चूक आमची होती. ते मला माहीत होतं, आणि मी चादरीत गुंडाळलेली बसून गप्प राहिले. पुढं महिन्याभरानं त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या म्याडम, तुम्ही दोघी परत आल्या. त्यानं मारलं ते बरं केलं, नायतर मला झोप आली नसती." त्यांच्या बायकोनं शीरखुर्मा दिला. तो मी वाटीत तसाच ठेवून आले.

ताईच्या गालाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ते जुळलं. डाव्या डोळ्याचा पडदा निसटला होता, तो दोन ऑपरेशनं करूनही नीट बसला नाही. त्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड आणि सावली कळते. सुईत दोरा ओवता येईना म्हणून तिनं मुदतीच्या आधीच नोकरी सोडली.

दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं, काय लागलं? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ताई सुजलेल्या तोंडानं म्हणाली, "दगड." नातेवाइकांना तेच सांगितलं, शेजाऱ्यांना तेच. माझ्या नवऱ्यालाही वाटतं की बांधाचा दगड लागला. मी कुणाचं खोडून काढलं नाही. तिच्या घरी मी जायची, भाजी द्यायची, औषधं आणायची. बोलणं भाजीचं आणि औषधांचं. त्या दुपारविषयी दोन वर्षं एक शब्द नाही.

पहिल्या फटक्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो मारला नसता तर दोघी गेलो असतो. पण दुसऱ्याला काय म्हणू? तिनं मला सोडलं होतं, हात वर केले होते. तोंड वाचवायला हात वर करणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? तरी मी मारलं. घाबरून मारलं असं मी मनाला सांगून पाहिलं. ते खरं नव्हतं. त्या क्षणी माझ्या अंगात भीती नव्हती. पस्तीस वर्षांचं काहीतरी माझ्या दंडांतून खाली उतरलं होतं, आणि ते उतरताना मला बरं वाटलं होतं. हे लिहितानाही हात थांबतो. पण बरं वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी हर्सूलला गेले. वारा सुटला होता. ताई पडवीत चटईवर बसून वाटाणे सोलत होती, डोळ्यानं नव्हे, बोटांनी. मी समोर बसले आणि एकदम बोलले.

"ताई, दुसरा फटका गरजेचा नव्हता."

तिची बोटं थांबली नाहीत. मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही.

"पहिल्यालाच तू सोडलं होतंस. मला दिसलं होतं. तरी मी मारलं. मुद्दाम मारलं."

"माहितीय," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. बऱ्याच वेळानं तिनं वाटी बाजूला सारली.

"आता माझं ऐक," ती म्हणाली. "सगळे म्हणतेत, बुडणाऱ्याला शुद्ध नसते. शकीलसर पण तेच म्हणायचे. खोटं आहे ते. माझ्यापुरतं तरी खोटं आहे. मला कळत होतं, बेबे. पायाखाली तू आहेस, हे मला कळत होतं. तुझे केस माझ्या हातात होते, ते मी कितीदा विंचरलेत, मला नाय कळणार? तरी मी पाय काढला नाय. आणखी दाबला. वर हवा होती."

वाऱ्यानं वाटाण्याची टरफलं पडवीभर पांगली. दोघीही ती गोळा करायला उठलो नाही.

"म्हणून तू दगड सांगितलंस?"

"मग काय सांगू? का मारलं म्हणून विचारलं असतं तर मलाच सांगावं लागलं असतं."

मी तिच्याकडं बघत राहिले. जिनं माझ्यासाठी शाळा सोडली, आणि पाण्यात जिनं माझ्या मानेवर गुडघा ठेवला, ती एकच बाई होती. ते समोर बसलेलं दिसत होतं, आणि तरीही मला उठून जावंसं वाटत नव्हतं. तिलाही माझ्याबद्दल तसंच काही वाटत असेल का, ते मी विचारलं नाही.

आत घड्याळात तीन वाजले. ताईनं चाचपडत चटईखालून औषधाची छोटी बाटली काढली. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून दिवसातून तीनदा तिला थेंब घालावे लागतात. दोन वर्षं ती स्वतःच घालते. निम्मे गालावर ओघळतात. दवाखान्यातली नर्स सोडली तर त्या डोळ्याजवळ तिनं कुणाचा हात येऊ दिलेला नाही. माझा तर नाहीच. मी नुसतं जवळून गेले तरी तिचा तो गाल आक्रसायचा.

तिनं बाटली माझ्यापुढं धरली.

"तू घाल. माझं नीट पडत नाय."

मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. एका हातानं तिची हनुवटी धरली आणि दुसरा हात तिच्या चेहऱ्याच्या वर उचलला. ताईनं मान मागं टाकली. डोळा सताड उघडा होता. मी हात खाली आणला, आणि तिची पापणी लवली नाही.